टिनाचा भाव नंतर सांगा, दुपारी घरात कोण असतं ते आधी सांगा

मे महिन्यातली दुपार. नऊ दिवसांचं बाळ घेऊन आजी आणि बाळाचा मामा दवाखान्यात आले. "साहेब, बाळाला ताप आहे, दूधही ओढत नाही." बाळ तीन कपड्यांत गुंडाळलेलं, डोक्याला टोपडं. ताप १०१ च्या वर. महिन्याच्या आतल्या बाळाचा ताप कधीच किरकोळ समजायचा नसतो, म्हणून भरती करून रक्ताच्या तपासण्या केल्या. पण तोपर्यंत बाळाला मोकळं केलं, थंड खोलीत ठेवलं, आईला बोलावून दूध पाजायला लावलं. दोन तासांत ताप उतरला. तपासण्यांत जंतुसंसर्ग निघाला नाही. बाळाचं अंग बाहेरून तापलं होतं आणि अंगातलं पाणी कमी झालं होतं.

मी विचारलं, "घराचं छप्पर कशाचं आहे?"

मामा अभिमानानं म्हणाला, "टिनाचं, साहेब. दिवाळीतच टाकलं. कवेलू गळायचे, माकडं फोडायची. ताई बाळंतपणाला येणार म्हणून कर्ज काढून नवं छप्पर केलं."

"आणि घर तापतं का?"

"नाही साहेब. रात्री तर चांगलं थंड असते."

तो खोटं बोलत नव्हता. सकाळी आठला कामावर जायचा आणि संध्याकाळी सातनंतर घरी यायचा. त्याला माहीत असलेलं घर खरंच थंड होतं. दुपारी एक ते पाच या वेळातलं घर त्याने पाहिलंच नव्हतं. ते फक्त त्याच्या बहिणीने, आईने आणि नऊ दिवसांच्या भाच्याने पाहिलं होतं.

आजचा लेख या चार तासांबद्दल आहे. घरावर टिन टाकावं की नाही, ते परवडतं की नाही, हा प्रश्न आपण दुकानदाराला विचारतो, वेल्डरला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो. दुपारी त्या टिनाखाली जो बसणार आहे, त्याला कोणी विचारत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे. खाली काहीही न लावता टाकलेलं नुसतं टिन हे स्वस्त छप्पर नाही. ते अर्धवट छप्पर आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत घरातली सर्वात अशक्त माणसं भरतात.

टिनाच्या बाजूने आधी बोलू

मी टिनाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. कवेलूचं घर किती छान होतं, अशा आठवणी शहरात स्लॅबखाली एसी लावून लिहिणाऱ्यांशी माझं जमत नाही. दरवर्षी मे महिन्यात कवेलू फेरायचे, फेरणारा माणूस शोधायचा, वाळवी लागलेले वासे बदलायचे, आढ्यावरून पडणाऱ्या विंचवाला सांभाळायचं, आणि एवढं करून माकडांची टोळी आली की एका दुपारी सगळं मातीमोल. ज्यांनी हे सोसलं, त्यांना टिन ही सुटका वाटली तर त्यांचं चूक नाही.

हलक्या छपराचं महत्त्व मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन शिकलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी ती घरं होती. लोक झोपेत त्या ओझ्याखाली गाडले गेले. माळवद उन्हाळ्यात थंड राहायचं, हे खरं. पण थंड छप्पर म्हणजे सुरक्षित छप्पर असं नसतं, हेही तितकंच खरं.

अजून एक गोष्ट टिनाच्या बाजूची आहे. टिन पातळ असल्यामुळे उष्णता साठवत नाही. सूर्य मावळला की ते लवकर निवतं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. त्यामुळे रात्रीचा विचार केला तर कधीकधी टिनाची खोली स्लॅबच्या खोलीपेक्षा बरी असते. त्या मामाचा अनुभव इथेच बसतो.

म्हणून "टिन चांगलं की वाईट" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि त्याच्या खाली काय लावून, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

दुपारी टिनाखाली शरीरात काय होतं?

टिन साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि लोखंड उष्णता झटकन आरपार नेतं. म्हणजे वरच्या बाजूचं तापमान आणि खालच्या बाजूचं तापमान जवळपास सारखंच. विदर्भातल्या मे महिन्यात सावलीतलं तापमान ४४-४५ अंश असतं, तेव्हा उन्हातलं टिन ६० अंशांच्या वर सहज जातं. नवं चकचकीत टिन ऊन परतवतं हे खरं, पण जेवढी उष्णता शोषतं ती बाहेर फेकायला ते कच्चं पडतं, म्हणून तेही तापतं. गंज चढला, धूळ बसली की आणखी तापतं.

कवेलूचं तसं नसतं. भाजलेली माती उष्णता हळू नेते. शिवाय दोन कवेलूंच्या मधल्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. टिनाचे पत्रे एकमेकांवर घट्ट बसवलेले असतात. गळती थांबते, आणि हवाही थांबते.

आता त्या खोलीत बसलेल्या माणसाकडे पाहू. छत ६० अंशांचं असलं की ते चुलीसारखं खाली आच फेकतं. हवेचं तापमान जेवढं दिसतं त्यापेक्षा शरीराला जास्त झळ बसते, कारण डोक्यावर तापलेला तवा आहे. अशा वेळी शरीराकडे एकच मोठं हत्यार उरतं, ते म्हणजे घाम. घामासाठी पाणी आणि मीठ लागतं. कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, म्हणून हृदय जोरात चालतं. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडावर ताण येतो.

धडधाकट तरुणाला हे झेपतं. पण दुपारी घरात तरुण नसतोच. असतात ते असे:

- तान्हं बाळ. घाम येण्याची त्याची यंत्रणा कच्ची असते, तहान लागली हे सांगता येत नाही आणि आपण त्याला गुंडाळून ठेवतो. काही घरांत बाजेखाली शेगडीही असते. ही शेकण्याची पद्धत थंडीतल्या मातीच्या घरासाठी ठीक असेल, मे महिन्यात टिनाखाली ती धोक्याची आहे.
- बाळंतीण आणि गरोदर बाई. दूध तयार व्हायलाही पाणी लागतं. आपल्याकडे मात्र "बाळंतिणीने पाणी कमी प्यावं" हा सल्ला अजून दिला जातो. तो चुकीचा आहे.
- म्हातारी माणसं. वयानुसार तहान लागण्याची जाणीव मंद होते. शरीराला पाणी हवं असतं, पण मागायची इच्छाच होत नाही.
- बीपी, हृदय, मूत्रपिंड, मधुमेह आणि मानसिक आजारांवरची औषधं घेणारे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात. मानसिक आजारांवरची काही औषधं घाम आणि तापमानाचं नियंत्रण बिघडवतात. ही औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण उन्हाळा लागला की डॉक्टरांना एकदा भेटा, डोस बदलायचा का ते विचारा.
- अंथरुणाला खिळलेला माणूस. लकवा मारलेला, हाड मोडलेला. त्याला उठून पडवीत जाता येत नाही.
- घरात बसून काम करणाऱ्या बाया. शिलाई, बिडी, पापड. त्यांचं कामाचं ठिकाण टिनाखालीच असतं.

या सहांपैकी छपराचा निर्णय कोणी घेतला? बहुतेक घरांत कोणीच नाही. निर्णय घेणारा दुपारी बाहेर असतो.

आणखी एक, जे सहसा लक्षात येत नाही: औषधंही त्याच घरात असतात. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण २५ ते ३० अंशांच्या खाली ठेवायचं असतं. टिनाखालच्या फळीवर ठेवलेलं इन्सुलिन खराब होतं आणि मग "डोस वाढवला तरी शुगर उतरत नाही" म्हणून पेशंट माझ्याकडे येतो. फ्रीज नसेल तर मातीच्या दोन मडक्यांत, मध्ये ओली वाळू घालून, आतल्या मडक्यात कोरड्या डब्यामध्ये ठेवा आणि वर झाकण घाला.

"कूलर लावू की!"

हे उत्तर मला सर्वात जास्त वेळा मिळतं. म्हणून त्याचा हिशेब करू.

पंखा हवा हलवतो, थंड करत नाही. टिनाखालची हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा उलट गरम वारा अंगावर मारतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही असाच आहे की ४० अंशांच्या वर पंख्यावर भिस्त ठेवू नये. कूलर कोरड्या उन्हात चांगला चालतो. पण त्याला पाणी लागतं, वीज लागते आणि समोरची खिडकी उघडी लागते. गावात पाण्याचा टँकर येतो तेव्हा आधी मडकी भरायची की कूलर? दुपारी वीज गेली तर? आणि जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर फक्त चिकचिक वाढवतो.

त्याहून गंभीर म्हणजे शॉक. कूलरची लोखंडी बॉडी, खाली सांडलेलं पाणी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेलं घर. दर उन्हाळ्यात या एका कारणाने आपल्या भागात माणसं मरतात. टिनाच्या घरात धोका दुप्पट असतो, कारण सोललेली वायर टिनाला किंवा लोखंडी अँगलला टेकली तर सगळं छप्परच करंट मारू लागतं. कपडे वाळत घालायची तार त्याच अँगलला बांधलेली असते. ओला कपडा टाकायला गेलेली बाई तिथेच चिकटते. वीज आकाशातून टिनावर पडेल म्हणून लोक घाबरतात, पण नुसत्या टिनामुळे वीज जास्त ओढली जात नाही. घाबरायचं असेल तर मीटरपासून आलेल्या जुन्या वायरीला घाबरा.

म्हणून कूलर हा टिनावरचा उपाय नाही, तो टिनाचा पुढचा हप्ता आहे. छप्पर एकदा नीट केलं तर तो हप्ता लहान होतो.

अर्धवट छप्पर पूर्ण कसं करायचं?

टिन टाकायचं ठरलं असेल तर वेल्डरच्या एस्टिमेटमध्ये पत्रा, अँगल, स्क्रू आणि मजुरी एवढंच नसावं. खालच्या गोष्टी त्याच कागदावर, पहिल्याच दिवशी लिहून घ्या. "पुढच्या वर्षी करू" म्हटलेलं सिलिंग सहसा कधीच होत नाही.

१. टिन आणि डोकं यांच्या मध्ये काहीतरी हवं. हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा. जुन्या घरांत माळा असायचा. तो फक्त धान्य ठेवायला नव्हता, छताची आच तो स्वतःवर घ्यायचा. आज लाकडाचा माळा परवडत नसेल तर बांबूच्या तट्ट्या, प्लाय, सिमेंट बोर्ड किंवा जिप्समचं सिलिंग चालेल. पत्र्याखाली थोडं अंतर सोडून चकचकीत फॉइलचा थर लावला तर खाली येणारी आच बरीच अडते. उघडं थर्माकोल मात्र लावू नका. ते पेट घेतं आणि त्याचा धूर जीवघेणा असतो.

२. मधल्या पोकळीतली गरम हवा बाहेर जाऊ द्या. सिलिंग आणि टिन यांच्या मध्ये वीतभर तरी जागा आणि दोन्ही टोकांना जाळी लावलेल्या खिडक्या हव्यात. हवा कोंडली तर सिलिंगच तापतं.

३. उंची. छप्पर जितकं खाली तितकी आच जास्त. पैसे वाचवायला भिंत सात फुटांवर थांबवतात, तिथे चूक होते. उताराच्या खालच्या बाजूलाही नऊ-दहा फूट उंची ठेवा. विटांचे थर वाढवण्याचा खर्च एकदाच होतो.

४. वरून पांढरा रंग. गडद निळं किंवा लाल टिन दिसायला छान, पण ऊन शोषतं. घेतानाच पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचं घ्या. जुनं असेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. यामुळे खोलीच्या तापमानात साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडतो असं सांगितलं जातं. रंग धुळीने मळतो, म्हणून उन्हाळ्याआधी धुवायला हवा. ही काही डॉक्टरच्या डोक्यातली कल्पना नाही. २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम त्यात घेतलं. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी राज्याचं वेगळं धोरणच जाहीर केलं.

५. सावलीची पडवी. दक्षिण आणि पश्चिम बाजूला पुढे आलेलं छप्पर भिंतीला ऊन लागू देत नाही. दुपारी बाज बाहेर काढायला जागाही मिळते.

६. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर. ३० मिलीअँपिअरवर बंद होणारा ब्रेकर मागा. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्या. वायरिंग पाईपमधूनच न्या.

७. टिन स्क्रूने धरा, दगडांनी नाही. अवकाळी वादळात टिन उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. वारा आला की टिन उचलतं आणि तेच दगड आत झोपलेल्यांवर पडतात. उडालेला पत्रा मान कापतो. ३ जून २०२० ला कोकणात निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा पत्रे कागदासारखे उडाले होते. पत्रा घेताना जाडी आणि जस्ताचा थर किती ते विचारा, आणि हूक-स्क्रूवर काटकसर करू नका.

हे सगळं धरून जो आकडा येतो, तो टिनाचा खरा भाव. त्या आकड्याची तुलना नव्या कवेलूंशी किंवा स्लॅबशी करा. कधी टिन स्वस्त पडेल, कधी नाही. आहे तो सांगाडा मजबूत असेल आणि फुटलेले कवेलू बदलून भागत असेल, तर नुसत्या टिनासाठी कर्ज काढण्यात शहाणपण नाही. पण सांगाडा कुजला असेल, माकडांचा त्रास असेल आणि या सात गोष्टींची तयारी असेल, तर बिनधास्त टिन टाका. मी स्वतः तुम्हाला अडवणार नाही.

"मग सिमेंटचा पत्रा घेऊ का?"

तो टिनापेक्षा थोडा कमी तापतो, हे खरं. पण बऱ्याच सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोग करणारे आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं स्पष्ट मत आहे. पन्नासहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे असे पत्रे अजून विकले जातात. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की आजार वीस-चाळीस वर्षांनीसुद्धा दिसू शकतो.

आधीच असा पत्रा घरावर असेल तर घाबरून जाऊ नका. न फुटलेला, न हललेला पत्रा फार तंतू सोडत नाही. मात्र तो करवतीने कापू नका, ड्रिल करू नका, ब्रशने घासू नका. काढायचाच असेल तर आधी पाण्याने भिजवा, न मोडता अख्खा उतरवा, नाका-तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना दूर ठेवा. तुकडे अंगणात भरावाला टाकू नका. आणि त्यावर कधीही चालू नका. तो काचेसारखा फुटतो. पावसाळ्याआधी दुरुस्तीला चढून पत्र्यातून खाली पडलेले, पाठीचा कणा मोडलेले पेशंट जवळजवळ प्रत्येक सर्जनने पाहिले आहेत. घरातला कमावता माणूस एका दुपारीत कायमचा खाटेवर येतो.

ज्यांच्याकडे पैसेच नाहीत

आता सर्वात रास्त आक्षेप. "डॉक्टर, सिलिंगला पैसे असते तर टिन कशाला टाकलं असतं?" याला उत्तर दिल्याशिवाय वरचा सगळा उपदेश पोकळ आहे.

कमी खर्चात काय करता येईल ते सांगतो. टिनावर चुन्याचा हात मारा. एका पावसात जातो, पण मार्च ते जून काम करतो. दोडका, भोपळा, वाल यांचा वेल छपरावर चढवा. आतून बांबूच्या तट्ट्या किंवा स्वच्छ पोती दोरीने ताणून बांधा, चूल आणि दिव्यापासून लांब. टिनावर पराट्या-तुराट्या टाकणारे बरेच जण आहेत. त्याने फरक पडतो, पण चुलीची ठिणगी जाणार नाही अशाच ठिकाणी टाका. भिंतीत वरच्या बाजूला दोन विटा काढून गरम हवेला वाट करून द्या. आणि दुपारी १२ ते ५ या वेळात बाळाला, बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना शेजारच्या स्लॅबच्या घरात, मंदिराच्या सभामंडपात, झाडाखाली, जिथे गार असेल तिथे हलवा. यात लाज वाटायचं काही नाही. लाज वाटायला हवी ती आपल्याला, सगळ्या गावाला.

कारण गावाने इथे हात वर करायचे नाहीत. टिनाची अंगणवाडी, टिनाची शाळेची खोली, टिनाचं प्रतीक्षालय बांधताना ग्रामपंचायत सिलिंगचा खर्च कापते आणि "काम बजेटमध्ये बसवलं" म्हणून सांगते. तिथे बसणारं तीन वर्षांचं पोर मत देत नाही. घरकुलाचं एस्टिमेट करणाऱ्याने छताखालचा थर "नंतर लाभार्थी करेल" म्हणून सोडला, की तो थर कोणीच करत नाही. पुढच्या ग्रामसभेत हा एक प्रश्न नक्की विचारा.

आणि आम्ही डॉक्टरही यातून सुटत नाही. उन्हाळ्यात चक्कर येणाऱ्या आजीला मी वर्षानुवर्षं विचारत आलो: पाणी किती पिता? जेवण कसं आहे? गोळ्या वेळेवर घेता का? सलाईन लावून, ओआरएसची पाकिटं देऊन तिला परत त्याच भट्टीत पाठवत आलो. छप्पर कशाचं आहे हे विचारायला मी फार उशिरा शिकलो.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

टिनाखाली बसलेलं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, झोपाळल्यासारखं झालं, अंग चटका लागेल इतकं तापलं, झटके आले किंवा बेशुद्ध झालं तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत आणा, कपडे सैल करा, सगळं अंग ओलं करून जोरात वारा घाला. मान, काखा, जांघा इथे बर्फ किंवा थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी देत बसू नका, या तापावर ती चालत नाही. महिन्याच्या आतल्या बाळाचं अंग तापलेलं असेल, दूध ओढत नसेल, लघवी कमी झाली असेल तर घरी वाट पाहू नका. ते उन्हानेच तापलंय हे ठरवायचं काम डॉक्टरवर सोडा.

शेवटी एक छोटं काम

भिंतीवर टांगायचं साधं थर्मामीटर घ्या, फार महाग नसतं. ते बाजेच्या उंचीवर, भिंतीपासून थोडं दूर टांगा. दुपारी तीन वाजता घरात जे कोणी असेल त्याला आकडा लिहून ठेवायला सांगा. आठवडाभर लिहा. मग छपराचा निर्णय घेणाऱ्या माणसाने तो कागद हातात घेऊन, रविवारी दुपारी एक ते पाच त्याच बाजेवर, कूलर बंद करून बसून दाखवावं. त्याला ते जमलं तर छप्पर ठीक आहे.

त्या बाळाच्या मामाला मी हेच सांगितलं होतं. तो पूर्ण वेळ बसू शकला नाही. पंधरा दिवसांनी बाळ वजनाला आणलं तेव्हा म्हणाला, "साहेब, अर्ध्या तासात बाहेर आलो. तट्ट्या लावून घेतल्या. पुढच्या हप्त्यात पांढरा रंग मारतो."

बाळाचं वजन वाढलं होतं.